मशीन चावतंय

बँकेच्या फॉर्मवर ‘व्यवसाय’ असा एक रकाना असतो. तिथे मी ‘निवृत्त मेकॅनिक’ असं लिहितो. समोरचे साहेब विचारतात, कसले मेकॅनिक, मोटारीचे की पंपाचे? मी सांगतो, व्हिडिओ गेमचे. मग ते चष्म्यावरून माझी पांढरी दाढी बघतात आणि त्यांना वाटतं, म्हातारा आपली फिरकी घेतोय. फिरकी नाही हो. आयुष्यातली चांगली पंधरा-वीस वर्षं मी नगर शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत गेमची मशीनं बांधली, बसवली आणि दुरुस्त केली. त्यावर घर चाललं, दोन मुलींची लग्नं झाली.

या अंकाच्या संपादकांनी फोन केला, “रशीदभाई, जुन्या गेमांच्या गोड आठवणी लिहा.” गोड आहेत तेवढ्या लिहितो. एक मात्र तशी नाही. पण झोप न आल्यास मला आठवते ती तीच, आणि आठवून झाली की छान झोपही तिच्यामुळेच लागते. ती शेवटी सांगेन.

आधी गोड. कॅम्पातल्या एका जुन्या क्लबाचं भंगार निघालं होतं, त्यात मला पिनबॉलचं मशीन मिळालं. नगरमध्ये तेवढं एकच असावं. कंबरेइतकं उंच, चार पायांवर उभं, वर काच आणि काचेखाली उतरती फळी. स्प्रिंगची मूठ ओढून सोडली की पोलादी गोळी वर जाते आणि खाली येताना रबरी खांबांवर, घंट्यांवर आपटत येते. तळाशी दोन छोटे पंख असतात. दोन्ही बाजूंची बटणं दाबायची आणि त्या पंखांनी गोळी परत वर उडवायची. मधल्या फटीतून गेली की खेळ खलास. ना पडदा, ना चिप. सगळा कारभार कॉइलचा आणि घंट्यांचा. पोरं त्याला ‘घंटीचं मशीन’ म्हणत.

ते मशीन चालू करायला मला चार महिने लागले. पंखांच्या कॉइल जळलेल्या होत्या, त्या मोटार वाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून घेतल्या. खांबांची रबरं विरून गेली होती. सायकलच्या ट्यूबच्या चकत्या कापून बघितल्या, गोळी त्यांच्यावर मेल्यासारखी पडायची. शेवटी दुधाच्या कॅनच्या झाकणाला असतं ते रबर लावलं आणि गोळी अशी उसळली की मी एकटाच दुकानात टाळ्या वाजवत बसलो. मशीन सपाट बसलंय की नाही ते गवंड्याची पाणसळ ठेवून बघायचो. केसभर कलतं राहिलं तर गोळी एकाच बाजूला पळते आणि गिऱ्हाईक भांडायला येतं.

ते मशीन मी बाळासाहेबांच्या पार्लरमध्ये ठेवलं. बाळासाहेब माझे पहिले गिऱ्हाईक आणि मित्र. मार्केट यार्डाजवळ त्यांचा गाळा होता, सात मशीनं, एक पंखा आणि गणपतीचा एक फोटो. तिथे कोर्टातले एक वकीलसाहेब जेवणाच्या सुट्टीत यायचे. काळा कोट खुंटीला टांगायचे आणि घंटीच्या मशीनशी झुंजायचे. गोळी फटीकडे निघाली की ते मशीनला कमरेने हळूच धक्का द्यायचे. आता त्या मशीनच्या पोटात एक लंबक असतो. धक्का जास्त बसला की लंबक बाजूच्या कडीला लागतो आणि मशीन सगळे दिवे बंद करून गप्प होतं. लबाडीची शिक्षा. वकीलसाहेब मला म्हणायचे, “रशीदभाई, हा एकतर्फी निकाल आहे. याच्यावर अपील कुठे करायचं?” मी लंबक थोडा सैल करून द्यावा अशी त्यांची इच्छा होती. मी तो कधी केला नाही. त्यांच्या पाठीमागे, उलट, एकदा थोडा घट्ट केला.

पडद्याच्या गेमांना पोरांची स्वतःची नावं होती. विमानाचा, कुस्तीचा, रणगाड्याचा, खड्ड्यांवरून उड्या मारायचा. माझा लाडका विमानाचा. खेळायला नव्हे, ऐकायला. गाळ्याच्या बाहेर सायकल लावता लावता मला आवाजावरून कळायचं, कुठल्या मशीनचं गोळीचं बटण अडकतंय. आत गेल्यावर सरळ त्याच मशीनचं कुलूप काढायचो. बाळासाहेब नव्या माणसाला मुद्दाम दाखवायचे, “बघा, डॉक्टर नाडी न धरता सांगतात.” माझी छाती फुगायची. ही छाती फुगण्याची सवयच मला पुढे महागात पडणार होती.

बाहेरच्यांसाठी थोडं मशीनबद्दल सांगतो. लाकडी कपाट, आत एक पडदा, पडद्याला चित्र पुरवणारा एक बोर्ड, पुढे दांडी आणि बटणं. बोर्ड मुंबईहून यायचा. पडदाही मुंबईहून मिळायचा, पण परवडायचा नाही. मी मुळात टीव्ही दुरुस्त करणारा माणूस. मला वाटलं, जुन्या रंगीत टीव्हीची पिक्चर ट्यूब आणि तिची आतली जोडणी आपल्याकडे ढिगाने पडली आहे, तीच का वापरू नये? वापरली. चित्र झकास आलं. दुसरी अक्कल माझी अशी की बटणांखालच्या प्लायवूडचा पोरं बुकलून बुकलून भुगा करतात, म्हणून मी एमआयडीसीतून स्टीलचा पत्रा कापून आणला आणि बटणं त्याच्यावर बसवली. तिसरी अक्कल, चित्रात रेघा येत होत्या म्हणून बोर्डाची एक तार त्या पत्र्याला जोडली. रेघा गेल्या. ‘रशीदभाईचं पत्र्याचं मशीन’ म्हणून त्याचा बोलबाला झाला. अशी अकरा मशीनं मी बांधली. सहा नगरमध्ये, चार वेगवेगळ्या तालुक्यांच्या गावी आणि एक पाथर्डीला.

एका वर्षी नवरात्रात, तिसऱ्या की चौथ्या माळेला, मी बाळासाहेबांकडे गेलो होतो. दत्तू म्हणून मार्केट यार्डात हमाली करणारा एक गडी होता, चांगला चाळिशीचा. सकाळची पोती उतरवून झाली की विमानाचा गेम खेळायला यायचा. तो मला म्हणाला, “रशीदभाई, तुमचं मशीन चावतंय.”

मी म्हणालो, “चावतंय म्हणजे?”

“हात लावला की मुंग्या येत्यात. काल तर झटकाच बसला. बाळासाहेब म्हनत्यात, देवीचे दिवस हायेत, गेम खेळू नको असं देवीच सांगत आसंल.”

मी हसलो. मशीनजवळ गेलो, दोन्ही पंजे पत्र्यावर दाबून ठेवले आणि दत्तूकडे बघून म्हणालो, “कुठे चावतंय? मला ओळखतंय वाटतं.” बाळासाहेब हसले, आजूबाजूची पोरं हसली. दत्तू हसला नाही. त्याने माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाला, “चप्पल काढून बघा की.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की दत्तू अनवाणी आहे. आमच्याकडे नवरात्रात पुष्कळ माणसं नऊ दिवस पायात काही घालत नाहीत. गाळ्यातल्या निम्म्या लोकांच्या पायात काही नव्हतं. माझ्या पायात जाड रबराची चप्पल होती. दत्तूचं मन राखावं म्हणून मी ती काढली, एक पाय फरशीवर टेकला आणि हात पत्र्याला लावला.

हात खांद्यापर्यंत झणाणून गेला. मी मागे जाऊन घंटीच्या मशीनवर आदळलो. कुणी हसलं नाही.

खिशातला टेस्टर काढून पत्र्याला लावला. त्यातला छोटा दिवा भक्कन पेटला. बाळासाहेबांना विचारलं, या मशीनची पिन कुणी काढली होती का? ते म्हणाले, घटापुढे दिव्यांची माळ लावायची होती म्हणून दोन दिवसांपूर्वी ती काढली, नंतर परत घातली. काय झालं असणार ते मला उभ्या उभ्या कळलं आणि ते सगळं माझंच होतं.

सोपं करून सांगतो. त्या काळच्या टीव्हीच्या आतला भाग थेट विजेच्या एका तारेला जोडलेला असायचा. टीव्हीला चालतं, कारण बाहेरून लाकडाचा नाहीतर प्लास्टिकचा डबा असतो, कुणाचा हात आत जात नाही. मी तोच भाग गेममध्ये घातला आणि बोर्डाच्या त्या तारेने बाहेरच्या पत्र्याला जोडून टाकला. म्हणजे डब्यातली वीज माझ्या हाताने बाहेर आणून लोकांच्या पंज्याखाली ठेवली. पिन दोन पायांची, कशीही घालता येते. एका बाजूने घातली तर पत्रा मेलेला, उलटी घातली तर जिवंत. माझ्या दुकानात नेहमी नेमकी सुलटी बसायची. आणि लोकांच्या पायात चपला असायच्या, म्हणून इतके दिवस कुणाला काही कळलं नाही. यावर उपाय म्हणजे मध्ये एक वजनदार ट्रान्सफॉर्मर घालायचा, म्हणजे बाहेरची वीज आणि आतली वीज एकमेकींना भेटत नाहीत. मुंबईच्या पडद्यांबरोबर तो यायचा. असा एक माझ्याकडे होता. दुकानाचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मी तो दारात ठेवला होता.

बाळासाहेब म्हणाले, “एवढं काय घाबरतोस? पाटी लावू. चप्पल घालूनच खेळावे.”

दत्तू म्हणाला, “देवीपुढं न्हाई घालत, आन तुमच्या मशीनपुढं घालू व्हय?”

मी मशीनची पिन ओढून तिची तारच कापून टाकली. मग बाळासाहेबांच्या फोनवरून एकेकाला लावत सुटलो. मशीन बंद करा, पिन काढा, हात लावू नका. नगरमधल्या बाकीच्या पाचही जणांनी ऐकलं. तालुक्यांतले चारही जण फोनवर सापडले. एकाने विचारलं, “सणासुदीला बंद ठेवू म्हणता, भरपाई कोण देणार?” मी म्हणालो, मी देईन, आधी पिन काढ. फोन ठेवायच्या आत त्याने पिन काढल्याचं मी त्याच्याकडून वदवून घेतलं.

उरलं पाथर्डी. तिथलं मशीन कौसाबाईंच्या चहाच्या टपरीत होतं, स्टँडजवळ. टपरीत फोन नव्हता, शेजारी कुणाकडे होता की नाही मला ठाऊक नव्हतं. आणि नवरात्रात पाथर्डीला काय असतं ते नगर जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. मोहट्याच्या देवीला जाणारी माणसं, हजारोंनी, बायाबापड्या, पोरंबाळं, आणि त्यातली कितीतरी अनवाणी. त्यातली निम्मी चहाला टेकणार आणि पोरं पैसे मागून मशीनला चिकटणार. कौसाबाईंना टपरीपुढे पाण्याचा सडा मारायची सवय. ओली जमीन, उघडे पाय आणि माझा पत्रा.

दारातला ट्रान्सफॉर्मर पिशवीत घातला, हत्यारं घेतली आणि मिळेल ती एसटी पकडली. गाडी गच्च भरलेली. मला बसायला जागा मिळाली ती मागे, चाकावरच्या सीटवर. ट्रान्सफॉर्मर मांडीवर. सगळ्या वाटेने मी माणसांच्या पायांकडेच बघत होतो. भेगा पडलेले, हळद लागलेले, जोडवी घातलेले पाय. समोर एक बाई लेकराला घेऊन उभी होती, त्याच्याही पायात काही नव्हतं. ते माझ्याकडे बघून हसायचं आणि मला हसता येत नव्हतं. करंजीच्या घाटात गाडी मुंगीच्या पावलाने चढली. मी मनातल्या मनात अल्लाचं नाव घेत होतो आणि खोटं कशाला बोलू, मध्येच देवीचंही घेतलं. त्या दिवशी मला दोघांचीही गरज होती.

स्टँडवर उतरलो तर कौसाबाईंच्या टपरीपुढे ही गर्दी. गर्दी कसली, चहाची की कसली, ते लांबून कळेना. पिशवी छातीशी धरून मी माणसं लोटत पुढे गेलो. मशीन चालू होतं. विमानाचा आवाज येत होता. एक तरणा गडी दांडी धरून उभा होता, अनवाणी. खाली जमीन सड्याने ओली.

पण तो जमिनीवर उभा नव्हता. त्याच्या पायाखाली जेवायला बसतात तो लाकडी पाट होता. चांगला रुंद, जुना, शिसवी पाट.

मी आधी पिन उपटली. तो गडी ओरडला, “ओ, माझी दोन विमानं राहिली हुती.” कौसाबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या, “रशीदभाई, आल्या आल्या मशीन बंद पाडता व्हय?”

मी विचारलं, “बाई, हा पाट कशासाठी?”

“चावतंय की त्ये. पाटावर उभं ऱ्हायलं की न्हाई चावत. आमी पयल्या वर्सापास्नंच ठेवलाय. माझ्या सासूचा पाट हाय. पाटावर न्हाई त्याला मी मशीनला शिवू देत न्हाई. लेकरू असू दे न्हाईतर फौजदार.”

मी तिथेच बाकावर बसलो. पाणी मागितलं. कौसाबाईंनी माझा चेहरा बघितला आणि काही न विचारता तांब्या पुढे केला. मग मी त्यांना सगळं सांगितलं. काय होऊ शकलं असतं तेही सांगितलं. त्यांच्या हातातली गाळणी थांबली. मी म्हणालो, “बाई, एवढं माहीत होतं तर मला एका शब्दाने सांगायचं नाही का?”

त्या म्हणाल्या, “सांगितलं हुतं की. तुमी मागल्या उन्हाळ्यात आल्ता, बटन बदलायला. मी म्हनलं, भाऊ, ह्ये चावतंय. तुमी हात ठिवला आन हसला. म्हनला, बाई, तुमाला भास हुतो. मग मी कशाला बोलू? तुमी येवढे मोठे मेकॅनिक.”

मला ते आठवलं नाही. कितीही डोकं खाजवलं तरी आठवेना, आजही आठवत नाही. पण खोटं बोलायचं त्यांना काही कारण नव्हतं आणि त्या हसण्याची नक्कल त्यांनी अशी हुबेहूब केली की मी मलाच ऐकू आलो. सकाळी दत्तूपुढेही मी तसाच हसलो होतो. आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखणारा मी, समोर उभं राहून मराठीत सांगणाऱ्या बाईचं मला ऐकू गेलं नाही. लाज वाटली आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. माझ्या चुकीवर एका बाईने गाजावाजा न करता तिच्या सासूचा पाट टाकून ठेवला होता.

दोन तास लागले. पत्र्याची तार तोडली, ट्रान्सफॉर्मर बसवला, पत्र्याला एक वेगळी तार जोडून ती बाहेर जमिनीत गाडलेल्या लोखंडी पाइपाला बांधली, तीन पायांची पिन लावली. टेस्टर लावून बघितला, दिवा पेटला नाही. पाट बाजूला केला, चपला काढल्या, ओल्या जमिनीवर दोन्ही पाय घट्ट रोवले आणि पत्र्याला हात लावला. काही नाही. कौसाबाई म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या जरा येळ.” मी राहू दिला. त्यांचं समाधान होईपर्यंत, म्हणजे चहाचं एक आधण होईपर्यंत, मी तसाच उभा होतो. मग त्यांनी पदर खोचला, स्वतः पुढे आल्या आणि हात लावून बघितला. त्याही अनवाणीच होत्या.

पुढच्या पंधरा दिवसांत बाकीची दहा मशीनं मी तशीच नीट केली, माझ्या खर्चाने. वाइंडिंगवाल्याने दहा ट्रान्सफॉर्मर रात्रीचा दिवस करून गुंडाळून दिले. कुणाला काही इजा झाली नव्हती. एकालाही नाही. हे मी प्रत्येकाला पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. वकीलसाहेबांना मी विचारलं, यात माझ्यावर काही केस झाली असती का? ते घंटीच्या मशीनवर वाकलेले होते. म्हणाले, “झाली असती. आणि मी तुमच्याकडून उभा राहिलो नसतो.” बरोबर बोलले ते.

आता ती मशीनं भंगारात गेली. घरोघरी गेम आले, मग हातोहाती आले, पार्लरच्या गाळ्यांत मोबाईलची दुकानं झाली. घंटीचं मशीन मी शेवटपर्यंत विकलं नाही, पण घरात जागा होईना तेव्हा तेही गेलं. त्याचं वाईट वाटतं. पत्र्याची अकरा मशीनं गेली त्याचं मात्र अजिबात वाटत नाही. ज्या दिवशी शेवटचं तुटून टेम्पोत पडलं त्या दिवशी मी घरी बिर्याणी करायला सांगितली.

पाथर्डीच्या त्या दुपारी मी हत्यारं आवरली तेव्हा चार वाजून गेले होते. सकाळपासून पोटात एक कप चहासुद्धा नव्हता. तो तरणा गडी परत मशीनवर आला होता, ओल्या जमिनीवर उघड्या पायांनी उभा राहून राहिलेली दोन विमानं उडवत होता आणि मी डोळे फाडून त्याच्या टाचांकडे बघत होतो. काहीच होत नव्हतं. कौसाबाईंनी पाट उचलला, धुतला, फडक्याने पुसला आणि भिंतीशी मांडला. त्यांचा उपास होता, म्हणून भगर आणि शेंगदाण्याची आमटी केलेली होती. ताट वाढून त्या म्हणाल्या, “बसा रशीदभाई. लई दिसांनी पाटाला जेवनारं मानूस मिळालं.”

मी पाटावर बसलो आणि तीन वेळा भगर मागून घेतली.